हे काम खात्याच्या हिशेबात धरा: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,



१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी मोफत सुरक्षा-अपडेट देणे बंद केले. शाळांच्या संगणक कक्षांतली जुनी यंत्रे विंडोज ११ घेऊ शकत नाहीत, कारण त्याला लागणारा प्रोसेसर आणि सुरक्षा चिप त्यांच्यात नाही. यंत्रे डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली आहेत. निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत ती शाळेबाहेर काढता येत नाहीत, आणि चालवायला घ्यावीत तर काही बिघडल्यास जबाब कोणी द्यायचा या काळजीने मुख्याध्यापक ती झाकून ठेवतात. यातली बरीच यंत्रे धडधाकट आहेत. त्यांच्यावर चालणारी मुक्त प्रणाली आहे, मुलांसाठी उत्तम शैक्षणिक सॉफ्टवेअर आहे, आणि ते घ्यायला परवाना-शुल्क पडत नाही.

तरीही ते वर्गापर्यंत पोचत नाही. पोचते तिथे कोणीतरी पदरची संध्याकाळ आणि रविवार घालून पोचवलेले असते. त्या कामाविषयी हे पत्र आहे. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात शाळांसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरचे पॅकेजिंग आणि मराठी माहितीपुस्तिका, असे काम करणाऱ्यांपैकी मी एक आहे. माझे म्हणणे एकच आहे: हे काम शिक्षणाचे काम आहे, आणि आपल्या खात्याने ते तसे मोजायला हवे.

शेतात ज्वारी पिकली म्हणून ताटात भाकरी येत नाही. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. जीकॉम्प्री या प्रोग्रामचे उदाहरण घेते. फ्रान्समधल्या ब्रुनो कूदुआन यांनी २००० साली तो सुरू केला. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यात माउस धरण्यापासून घड्याळ वाचण्यापर्यंत आणि अपूर्णांकांपर्यंत शंभराहून जास्त खेळ आहेत. हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपले काम चोख केले आहे. पण तो ज्या इतर सॉफ्टवेअरच्या आधाराने चालतो त्याची नेमकी कोणती आवृत्ती शाळेच्या यंत्रावर आहे, हे त्यांना माहीत असणे शक्य नाही. ती सांगड पॅकेज करणारा घालतो. एका आज्ञेत, किंवा एका बटणावर, सगळे आधार बरोबर घेऊन प्रोग्राम उतरावा, पुढच्या वर्षी प्रणाली अद्ययावत केल्यावर तो मोडू नये, काढून टाकला तर मागे कचरा राहू नये, ही सगळी त्याची जबाबदारी.

यातला सर्वांत वेळखाऊ भाग बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. तो म्हणजे परवान्यांची तपासणी. डेबियन या मुक्त प्रणालीच्या प्रत्येक पॅकेजमध्ये एक फाइल असते. आतली सामग्री कोणाची आणि ती कोणत्या अटींवर दिली आहे, याची नोंद तिच्यात करावी लागते. नुसता प्रोग्रामचा कोड पुरत नाही, चित्रे, आवाज, टंक, शब्दांच्या याद्या, सगळे तपासावे लागते. नवे पॅकेज भांडारात घेण्याआधी डेबियनचे लोक ती फाइल पाहतात आणि शंका आली तर पॅकेज परत पाठवतात. आमच्यातल्या एका बाईंनी मुलांचा गणिताचा एक छोटा खेळ पॅकेज करायला घेतला. बरोबर उत्तराला टाळ्या वाजत. तो आवाज मूळ लेखकाने कुठून घेतला, हे त्यालाही आठवत नव्हते. बाईंनी पत्रव्यवहार केला, जुन्या आवृत्त्या उलगडून पाहिल्या, धागा लागला नाही. शेवटी त्यांनी घरातली आणि शेजारची मुले जमवली, त्यांच्या टाळ्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या आणि तो आवाज सर्वांना मुक्त करून खेळात घातला. आता हा खेळ कोणतीही शाळा, कोणताही दुकानदार, कोणतीही जिल्हा परिषद निर्धास्तपणे वाटू शकते. एवढी काटेकोर शिस्त शाळांसाठी पैसे मोजून घेतलेल्या साहित्यालाही लावली जावी, असे मला मनापासून वाटते.

परवान्यातल्या एका अटीने काय होते ते जिओजेब्रात दिसते. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबुर्गमध्ये सुरू केलेले हे भूमितीचे साधन आपल्याकडच्या गणिताच्या शिक्षकांमध्येही प्रिय आहे. पुढे त्याचे काही भाग फक्त बिगरव्यावसायिक वापरापुरते मोकळे राहिले. वर्गात वापरणाऱ्या शिक्षकाला याने काहीच फरक पडत नाही. पण डेबियनचा नियम असा की भांडारातली वस्तू कोणालाही, विक्रीसाठीसुद्धा, वापरता आली पाहिजे. नाहीतर त्या वस्तूसह संगणक भरून विकणारा तालुक्याचा दुकानदार अडचणीत येईल. म्हणून जिओजेब्राच्या नव्या आवृत्त्या त्या भांडारात येऊ शकल्या नाहीत.

आता मराठीची गोष्ट. पहिलीतले मूल बालभारतीच्या पुस्तकात जो ‘ल’ आणि जो ‘श’ गिरवते, त्यांचा आकार हिंदीतल्या आकाराहून वेगळा आहे. मराठी वर्णमाला कशी लिहायची, याचा शासन निर्णय आपल्या राज्याने २००९ साली काढला. संगणकावर मात्र देवनागरीच्या पुष्कळशा टंकांत हिंदी वळण आधी उमटते. चांगल्या टंकात दोन्ही आकार असतात. पण हा मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामने टंकाला कळवले तरच मराठी आकार पडद्यावर येतो. कुठे प्रोग्राम कळवत नाही, कुठे टंकातच सोय नसते, कुठे दोन्ही ठीक असून मधली एखादी जुनी लायब्ररी निरोप गाळते. अक्षरओळखीच्या खेळात मूल पुस्तकातला ‘ल’ शोधत बसते आणि पडद्यावर दुसराच असतो. सहा वर्षांच्या मुलासाठी ही बारीकसारीक बाब नाही. हा दोष शोधणे, कोणत्या थरात आहे ते ठरवणे, दुरुस्ती लिहून मूळ प्रकल्पाकडे पाठवणे आणि ती स्वीकारली जाईपर्यंत पॅकेजमध्ये योग्य टंक लावून ठेवणे, हे सगळे कोणीतरी करते तेव्हा मुलाला त्याच्या पुस्तकातले अक्षर दिसते. मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्त’सारखे देखणे टंक सर्वांना खुले केले आहेत, रेड हॅटने ‘लोहित’ खुला केला. सामान आपल्या घरचे आहे. ते शाळेच्या यंत्रात योग्य जागी बसवणारी माणसे तेवढी मोजकी आहेत.

माहितीपुस्तिकेचे काम याहून उपेक्षित. सॉफ्टवेअर चालू झाले की काम झाले असे तंत्रज्ञ समजतो, तिथून शिक्षकाचे काम सुरू होते. एका द्विशिक्षकी शाळेत आमच्या मित्रांनी पाच यंत्रे चालू करून दिली. काही दिवसांनी निरोप आला की दोन संगणक गेले. जाऊन पाहिले तर यंत्रांना काही झाले नव्हते. मध्येच वीज गेली होती. परत आल्यावर यंत्र आपली डिस्क तपासत होते आणि तेवढा वेळ काळ्या पडद्यावर इंग्रजीत पांढऱ्या ओळी सरकत होत्या. गुरुजींनी घाबरून बटण बंद केले, पुन्हा लावले, पुन्हा त्याच ओळी, म्हणून वायर काढून ठेवली. त्यानंतर पुस्तिकेच्या अगदी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले गेले: वीज जाऊन आल्यावर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आली तर हात लावू नका, दहा मिनिटे थांबा, यंत्र स्वतःची तपासणी करत आहे. खाली त्या पडद्याचा फोटो. दहा मिनिटांनंतरही तसेच राहिले तर काय करायचे, ते पुढच्या परिच्छेदात.

असे पान कार्यालयात बसून सुचत नाही. ते लिहायला शाळेत जावे लागते, शिक्षक कुठे अडतो ते पाहावे लागते, आणि जे त्याला विचारायला संकोच वाटतो ते ओळखावे लागते. पासवर्ड विसरला तर? मुलाने सगळी चिन्हे पुसली तर? केंद्रप्रमुख तपासणीला आले आणि विंडोज कुठे गेले असे विचारले तर? या शेवटच्या प्रश्नाचेही उत्तर पुस्तिकेत हवे, कारण तो शिक्षकाच्या मनात पहिल्या दिवसापासून असतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे चित्रफीत-पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले आहेत, आणि ते इंटरनेटशिवायही वापरता येतात. त्यांचे ऋण मोठे आहे. पण पाठ तयार असले तरी शाळेच्या यंत्रावरची आवृत्ती बदलते, बटणांच्या जागा बदलतात, आणि पुस्तिका दरवर्षी नव्याने चाळून दुरुस्त करावी लागते. एकदा छापून वाटली आणि संपली, अशी ही वस्तू नाही.

जगात हे काम कसे टिकले आणि कुठे विरले, ते पाहण्यासारखे आहे. नॉर्वेत २००१ च्या जुलैमध्ये काही स्वयंसेवकांनी स्कोलेलिनक्स सुरू केले. आपल्या मुलांना शाळेत नॉर्वेजियनच्या दोन्ही लेखी रूपांत आणि उत्तरेच्या सामी भाषेत संगणक मिळावा, हा त्यांचा हेतू होता. फ्रान्समध्ये सुरू झालेल्या डेबियन एज्यु या प्रयत्नाशी ते पुढे एकत्र झाले. त्यांची रचना पाहावी: शाळेत एक मुख्य यंत्र, बाकी जुनी यंत्रे त्याच्या आधाराने चालणारी, आणि सगळ्याची सविस्तर पुस्तिका जी स्वतःच एक पॅकेज आहे. तिच्या मूळ मजकुरात वाक्य बदलले की प्रत्येक भाषेच्या अनुवादकाला नेमके तेवढे वाक्य दिसते. त्यांनी स्वतःची वेगळी प्रणाली थाटली नाही. जे केले ते डेबियनच्या सामाईक भांडारात घातले, म्हणून दोन दशकांनंतरही ते जिवंत आहे.

स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांताने २००२ मध्ये सरकारी ताकदीने लिनेक्स हे स्वतःचे लिनक्स वितरण आणले आणि दर दोन विद्यार्थ्यांमागे एक संगणक दिला. फार धाडसी पाऊल होते ते. सुमारे दशकभराने सरकारने त्या वितरणाचा विकास सोडून दिला. पैसा आणि इच्छा सरकारची असली तरी काम सामाईक भांडारात रुजलेले नसेल, तर धोरण बदलल्यावर ते उभे राहत नाही. आपल्याकडे हा अनुभव वेगळ्या रूपात येऊन गेला. आयसीटी योजनेत संगणक कक्ष पाच वर्षांच्या कंत्राटावर आले, कंत्राटाबरोबर संगणक शिक्षक आले आणि कंत्राट संपल्यावर त्यांना जावे लागले. त्या पाच वर्षांत ते जे शिकले, त्यांनी जे जुळवले, जे लिहून काढले, त्याचा कागदसुद्धा शाळेकडे उरला नाही.

केरळने वेगळा रस्ता धरला. २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या आयटी@स्कूल प्रकल्पाने पुढे दहावीचा आयटी विषय मुक्त सॉफ्टवेअरवर आणला, आणि २०१७ मध्ये त्यातूनच काइट ही सरकारी कंपनी उभी राहिली. शाळांसाठीची स्वतःची लिनक्स आवृत्ती ते वेळोवेळी काढतात. पण मला त्यांच्या संगणकांच्या संख्येपेक्षा एका व्यवस्थेचे महत्त्व अधिक वाटते. त्यांचे मास्टर ट्रेनर हे शाळेतले शिक्षक आहेत. खाते त्यांना त्या कामावर नेमते. त्यांच्या बाजूला स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंगसारखा स्वयंसेवकांचा समूह २००२ पासून टंक आणि भाषेची साधने घडवत आला. स्वयंसेवक आणि खाते यांच्यामध्ये वर्गात उभा राहिलेला, पगारी वेळ मिळालेला शिक्षक आहे. महाराष्ट्रात नेमकी हीच जागा रिकामी आहे.

माणसे नाहीत असे अजिबात नाही. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द आपल्याच खात्याने रूढ केला. लोकवर्गणीतून डिजिटल झालेल्या जिल्हा परिषद शाळा या शिक्षकांनी उभ्या केल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि ती कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. एका शिक्षकाने शाळेत केलेले काम राज्याचे होऊ शकते याचा यापेक्षा ठळक दाखला नको. पण असे शेकडो प्रयत्न वाटेतच संपले. कोणी आकारिक नोंदींचे कोष्टक बनवले, कोणी स्थानिक बोलीतल्या शब्दांचा खेळ, कोणी पाढ्यांचे छोटे ॲप. बदली झाली, फोन बदलला, जागेचे भाडे भरायचे राहिले, आणि ते गेले. कारण त्याला परवाना जोडलेला नव्हता, मूळ फाइल कुठे ठेवलेली नव्हती, दुसऱ्याला ते कसे उभे करायचे हे लिहिलेले नव्हते. पॅकेजिंग आणि पुस्तिकालेखन म्हणजे नेमके हेच: एकाचे काम दुसऱ्याच्या हाती धड लागेल असे करणे.

म्हणून माझी मागणी नव्या पोर्टलची नाही, नव्या ॲपचीही नाही. तंत्रस्नेही शिक्षकांपैकी ज्यांना हे काम करायचे आहे, त्यांचा त्यासाठीचा ठरावीक वेळ कर्तव्यकाल म्हणून धरण्याचा आदेश काढावा, आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत (डाएट) त्यांना बसायला जागा आणि एकमेकांना भेटायला दिवस द्यावा. आज हा शिक्षक ही कामे रात्री करतो. दिवसा त्याच्यावर ऑनलाइन माहिती भरण्याचा बोजा आहे तो आहेच. रात्रीच्या कामाला सेवापुस्तकात ओळ नाही, आणि कोणी केंद्रप्रमुख खवळला तर त्यासाठी बोलणीही खावी लागतात. शिक्षकाच्या गोपनीय अहवालात ज्या कामाला रकाना नाही, ते काम तो मूठभर उत्साहावर किती वर्षे ओढणार? पॅकेज सांभाळणारा थकला आणि दुसरा पुढे आला नाही, तर ते पॅकेज पुढच्या आवृत्तीतून गळते. मुलांच्या बाजूने पाहिले तर एक खेळ एके दिवशी नाहीसा होतो.

दुसरी मागणी बालभारतीविषयी आहे, आणि तिला एक रुपयाही लागत नाही. बालभारती आपली पुस्तके पीडीएफ स्वरूपात सर्वांना मोफत वाचू देते, हे फार चांगले आहे. पण वाचायला मोफत आणि वापरायला मुक्त यांत अंतर आहे. सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे, म्हणजे बालभारतीकडेच, राखलेले असल्याने पहिली-दुसरीची शब्दयादी, मुळाक्षरांची चित्रे, कवितांचे ध्वनिमुद्रण यांतले काहीही स्वयंसेवकाला मुक्त खेळात घालता येत नाही. आम्ही ‘मगर’ आणि ‘वजन’साठी चित्रे परदेशी संग्रहांतून शोधतो. मुलाच्या पुस्तकात त्याच शब्दाशेजारी त्याच्या ओळखीचे चित्र आधीच असते, आणि ते लोकांच्या पैशातून काढलेले असते. ज्या कवींचे, चित्रकारांचे स्वतःचे हक्क आहेत त्यांना अर्थातच हात लावू नये. मंडळाची स्वतःची जी सामग्री आहे, निदान प्राथमिक वर्गांपुरती, ती क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या मुक्त परवान्याखाली खुली करावी. आणि कृपा करून त्यात बिगरव्यावसायिकतेची अट घालू नये, जिओजेब्राचे उदाहरण वर दिले ते याचसाठी.

निविदांबद्दल थोडक्यात. शाळांसाठी संगणक घेताना यंत्रावर मुक्त प्रणाली नीट चालते याची खात्री पुरवठादाराकडून घ्यावी, आणि कंत्राटदाराने मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केलेला प्रत्येक बदल व लिहिलेली प्रत्येक पुस्तिका सार्वजनिक करावी, अशी अट घालावी. केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअरविषयीचे धोरण २०१५ पासून आहे. पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड ज्या दीक्षा मंचावर नेतात, तोही सनबर्ड या मुक्त सॉफ्टवेअरवर उभा आहे. तत्त्वाचा प्रश्न सुटलेला आहे, अडते ते तालुक्याच्या पातळीवर.

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी शिक्षकाचा पगारी वेळ कशाला, असे कोणी आपल्याला सांगेल. सॉफ्टवेअर मोफत आहे कारण कोणीतरी आपला वेळ आधीच दिला आहे. आपल्या शाळांसाठी, आपल्या भाषेत, आपल्या यंत्रांवर ते बसवण्याचा वेळ नॉर्वेचे किंवा फ्रान्सचे स्वयंसेवक देणार नाहीत, आणि तो त्यांनी द्यावा अशी अपेक्षा ठेवणेही बरे नाही. स्वयंसेवक करतातच आहेत, चालू द्या, असेही कोणी म्हणेल. आम्ही करत राहूच. पण लाखाहून अधिक शाळांच्या राज्यात आमच्यासारख्यांच्या रविवारांवर विसंबलेली मुले नशिबावर विसंबलेली असतात. ज्या गावात असा एखादा माणूस आहे तिथे संगणक चालू, शेजारच्या गावात बंद.

या कामाला मुदतही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये जुन्या ३२-बिट यंत्रांवर प्रणाली बसवण्याची सोय राहिलेली नाही. ती यंत्रे डेबियन १२ वर चालू शकतात, आणि तिला सुरक्षा-दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळतील. कोणत्या शाळेत कोणते यंत्र आहे याची यादी आजच हाती आली, तर कोणते चालवायचे, कोणते मुख्य यंत्राला जोडायचे आणि कोणाचे निर्लेखन करायचे, हे मुदतीआधी ठरवता येईल. आपण एक तालुका निवडून द्यावा. तिथल्या पाच-सहा शिक्षकांना उन्हाळी सुट्टीपूर्वी कर्तव्यकालाचा आदेश आणि शाळांची यंत्रयादी मिळाली, तर जूनमध्ये शाळा उघडताना त्या तालुक्याचे संगणक कक्ष चालू करून, मराठी पुस्तिकेसह, देण्याची आमची तयारी आहे. प्रवासखर्च आमचा आम्ही करू. आदेशाचा मसुदा तयार आहे. आपल्या कार्यालयाने वेळ कळवावी, आम्ही तो घेऊन मंत्रालयात येऊ.

कळावे,

आपली विश्वासू,
शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचे काम करणारी एक स्वयंसेविका